गाठीची तपासणी आणि बंगल्यावरचे पाहुणे

अहो,

मी तळेगावला दवाखान्यात चाललेय. छातीतल्या गाठीत सुई घालून, सोनोग्राफीवर बघत तुकडा काढणार आहेत. हे मागच्याच आठवड्यात झालं असतं. तुम्ही मला सांगितलंत, मशीन बिघडलंय. काल मी स्वतः फोन केला, तर तिथली सिस्टर म्हणाली, "तुमच्या मिस्टरांनीच तारीख पुढं ढकलली." आपण सांभाळतो त्या बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्यांना माझ्या हातची पिठलं-भाकरी हवी होती, म्हणून ना?

आजही पाहुणे येतायत. पीठ डब्यात आहे, भाकऱ्या तुम्ही थापा.

डॉक्टरांनी सोबत जवळचं माणूस आणायला सांगितलंय. तुमच्या बहिणीला, कुंदावन्संना, घेऊन जातेय. तुम्ही येऊ नका.

वनिता