रविवारच्या सत्काराबद्दल

लेडीज होस्टेल, बडोदे
१६ नोव्हेंबर १९९४

ती. बाबांस अवंतीचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. मेसच्या भाजीवर तेल तरंगतं, थंडी अजून पडलेली नाही. नागरवाड्यातलं आपलं घर इथून हाकेच्या अंतरावर, तरी पोस्टाने लिहिते आहे. घरी बोलायला लागले की तुम्ही रेडिओ मोठा करता आणि फोन केला तर आपटता.

तुमच्या मंडळाची निमंत्रणपत्रिका मिळाली. सुरतच्या प्लेगात जिवावर उदार होऊन रुग्णसेवा करणाऱ्या तुमच्या कन्येचा रविवारी मंडळाचे अध्यक्ष जगदेवरावांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार. वाचून ती पाकिटात परत घातली आणि हे पत्र लिहायला बसले.

बाबा, सुरतेहून आलेल्या संशयित पेशंटांच्या त्या वॉर्डात मी जेमतेम तीन दिवस होते. सेवेसाठी नावं आम्हीच दिली होती, मी आणि माझ्या वर्गातल्या प्रतिमाने. मग तुम्ही दारात येऊन म्हणालात, "अवंती, आईला झटका आलाय, चल." सिस्टर म्हणाल्या, "जा बेन, मम्मी पहेलां." मी एका बाईंचा ताप बघत होते. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पाछां आवशो ने?" मी म्हटलं, हो, परत येईन.

घरी आई वालपापडी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तुम्ही माझा अ‍ॅप्रन अंगणात जाळलात आणि खोलीला बाहेरून कडी घातलीत. वॉर्डातली मुलगी घरात आहे हे कळलं तर शेजारी आपल्याला वाळीत टाकतील, म्हणून दसऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात की पोरगी तिकडेच आहे, सेवा करते आहे. त्या थापेचा आता सत्कार. चोर तो चोर, वर शिरजोर. बापाला असं लिहू नये, पण लिहिलं.

अभ्यास कसा चाललाय, असं तुम्ही पत्रिकेसोबतच्या चिठ्ठीत विचारलंय. लेक्चरला बसते. पान वाचते, पुस्तक मिटलं की काही आठवत नाही. परत आल्यापासून वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही. दारापर्यंत जाते, माघारी फिरते आणि मैत्रिणींना अ‍ॅसिडिटी सांगते. परवा ओपीडीत सरांनी एका म्हाताऱ्यांची छाती तपासायला सांगितली. स्टेथोस्कोप लावला, पण मला काहीच ऐकू आलं नाही. अंदाजाने उत्तर दिलं. ते बरोबर निघालं, त्याचीच जास्त भीती वाटली.

माझ्या वाटच्या ड्यूट्या प्रतिमाने केल्या. तिचे वडील रिफायनरीत फोरमन आहेत. तेही घाबरले असतील, पण तिला न्यायला आले नाहीत. माझा हात धरणाऱ्या त्या बाई बऱ्या होऊन गेल्या म्हणे. जाईपर्यंत रोज माझी चौकशी करायच्या. मी प्रतिमाची माफी मागायला गेले, तर म्हणाली, "सॉरीबिरी रहेवा दे. रविवारी मेडिसिनच्या वॉर्डात माझ्या जागी ड्यूटी कर, बस."

तेव्हा रविवारी मी तिथे असेन. आत पाऊल टाकता येईल का, मला माहीत नाही. नाही आलं तर डॉक्टरकी सोडून देणार आहे. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. शाल तुम्हीच पांघरा. मी का आले नाही याची गोष्ट तुम्हाला सुचेलच.

आईला जपा. तिला खरंच काही झालं, तर मला बोलवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. तुमच्या तोंडून ऐकलं, तर मी पेशंटजवळून उठणार नाही.

तुमचीच मुलगी,
अवंती