डाळिंबाच्या सालींचा अर्क

३ मार्च, सकाळी ७
आजपासून नियमित नोंदी. कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काचसामान धुतलं, पण डोळे उघडे ठेवून धुतलं. डाळिंबाच्या साली वाळवल्या, कुटल्या, स्पिरिटमध्ये भिजत घातल्या. बुरशीची आता खैर नाही. पहिला मान दादाच्या पायाचा. बोटांच्या बेचक्यात बुरशी आहे. त्यात शुगर, म्हणून डॉक्टर उगीच घाबरवतात.

९ मार्च
यश! ब्रेडचे दोन तुकडे डब्यांत ठेवले होते. साध्या तुकड्यावर हिरवं रान, अर्कवाला स्वच्छ. पुतणी (बी.एस्सी. दुसरं वर्ष, म्हणजे अर्धवटच) म्हणाली, काका, एका तुकड्याला नुसतं स्पिरिट लावूनही बघा. कशाला? अन्नाची नासाडी.

१० मार्च
दादाला अर्क लावला. फार झोंबला. त्याने मला लहानपणीच्या शिव्या दिल्या.

११ मार्च
गरम पाण्यात बाटली ठेवून स्पिरिट उडवलं, उरलेलं पाण्यात कालवलं. आता जराही झोंबत नाही. प्रगती! डॉक्टरांचं मलम बंद करायला सांगितलं. दोन्ही लावलं तर श्रेय कोणाला? दादा म्हणाला, तू लॅबमधला माणूस, तू म्हणशील तसं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. खूप बरं वाटलं.

१८ मार्च
दोन बोटं सुजली, काळपट दिसतात. अर्क आतली घाण बाहेर काढतोय. वहिनीला हे पटत नाही. उद्यापासून दिवसातून तीनदा.

२१ मार्च
वास येतो. पण दादाला अजिबात दुखत नाही. उत्तम लक्षण.

२३ मार्च
वहिनीने मला न विचारता त्याला हॉस्पिटलात नेलं. ऐन रंगात आलेला प्रयोग!

२४ मार्च
दोन बोटं कापली.
मलम का बंद केलं, असं डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाला, मीच विसरलो. मी खरं सांगणारच होतो, पण डॉक्टर घाईत होते.

२७ मार्च, दुपारी
पुतणी टेबलावर एक डबा ठेवून गेली. आत ब्रेडचा तुकडा. चिठ्ठी: नुसतं स्पिरिट, २० मार्च. तुकडा स्वच्छ.
मग अर्काची बाटली उजेडात धरली. वर करडी लव आली होती. बुरशीच.
वहिनीचा फोन आला. दादा विचारतोय म्हणाली, घरी आल्यावर उरलेल्या बोटांना अर्क लावायचा ना? रडू आलं. सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.
बाटली धुवायला घेतली. हे मला येतं.