उन्हवऱ्याच्या वाटेवरचा ओवा

कोथरूड, गुरुवार

तीर्थस्वरूप हेमावहिनींना उल्काचा नमस्कार.

दादाची कंबर आता कशी आहे? हेच विचारायला फोन केला होता. त्याने तो उचलला नाही आणि तुम्ही उचललात तेव्हा "मागाहून बोलते" म्हणालात. धायरीत मागाहून म्हणजे नक्की केव्हा ते कळेना, म्हणून पत्र लिहिते आहे. (जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा निदान शुद्धलेखनावरून तरी दादाला मला बोलता येणार नाही.)

रविवारच्या सहलीबद्दल नीरजाने घरी जे सांगितलं ते सगळं खरं आहे. दुर्दैवाने. पण ते अर्धंच आहे.

दादाला गाडीत बसवत नव्हतं, म्हणून मुलीकडचं मोठं माणूस म्हणून तुम्ही मला पाठवलंत. दापोलीजवळ उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं बघायची, ही कल्पना अनंतची. गाडी तोच चालवत होता, शेजारी नीरजा, आणि मागे मी आणि त्याचे काका गोपाळकृष्णराव. आईवडिलांमागे या पुतण्याला त्यांनीच वाढवलं, स्वतःचं लग्न त्यात राहूनच गेलं, आणि आता ते हो म्हणतील तेव्हा नीरजाचं ठरणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी आज कमी बोलायचं असं घरूनच ठरवून निघाले होते. महाडपर्यंत ते निभलंही. (हे गेल्यापासून शेजारी बसलेल्या पुरुषमाणसाशी बोलायची सवयच मोडली आहे, त्यामुळे फारसं जड गेलं नाही.)

कुंडं जवळ आली आणि अरुंद रस्त्यात समोर एसटी आडवी झाली. काचा बंद, एसी चालू, आम्ही थांबलेले. आणि वास आला. वहिनी, कसला ते लिहिणं बरं दिसत नाही. नासक्या अंड्यांचा म्हणतात तसा. आपल्या घरात कधी अंडं आलेलं नाही, तरी मी ओळखला. मागच्या सीटवर माणसं दोन. मी नव्हते. उरलं कोण? शिवाय वाटेत त्यांनी मिसळ खाल्ली होती, तीही माझ्यादेखत, वर पुन्हा रस्सा मागून.

मी पदर नाकाला लावला. वास वाढला. मग मात्र माझ्यातली शिक्षिका जागी झाली. पर्समधली ओव्याची डबी काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "हे घ्या, आणि काच खाली करा. या वयात मिसळ झेपत नाही, हे तुम्हाला घरी कोणी सांगत नाही वाटतं?"

नीरजा मागे वळली. अनंत एसटीकडे बघत राहिला. गोपाळकृष्णराव कानापर्यंत लाल झाले. चिमूटभर ओवा तोंडात टाकला, "आभारी आहे" म्हणाले आणि काच खाली केली.

काच खाली झाली आणि वास दुप्पट झाला. अख्ख्या गावाला तोच वास होता. गंधकाचं पाणी, वहिनी! जमिनीतून उकळत वर येत होतं आणि वाफेबरोबर तो वास रस्त्यापर्यंत पोचत होता.

नीरजा माझ्याबरोबर बायकांच्या कुंडाकडे यायलाही तयार होईना. मी एकटीच बाहेर पायरीवर बसून राहिले. इतक्या लांबून आलेली मी, पण त्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. थोड्या वेळाने गोपाळकृष्णराव ओल्या केसांनी आले आणि दोन पायऱ्या सोडून बसले. शिक्षकांना माफी मागायचा सराव नसतो, तरी मी मागितली.

"अहो, त्यात काय एवढं," ते म्हणाले. "वास मलाही आलाच होता. मला वाटलं, आपलाच."

"माझा?"

"म्हणून तर ओवा खाल्ला. म्हटलं, माझ्या नावावर गेलेलं बरं. मुलांसमोर आपल्याला अवघडायला नको."

ज्याने माझी लाज राखायला तो ओवा गिळला, त्यालाच मी घरी कोणी सांगत नाही का म्हणून टोचलं, आणि त्या घरात सांगायला कोणी नाही हे मला ठाऊक असताना. ओव्याचं एक वेळ सोडा, पण ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

परत येताना मला कोथरूडला सोडलं, तेव्हा गोपाळकृष्णराव नुसतं "बराय" म्हणाले. तेव्हापासून त्यांचा निरोप नाही. लग्न मोडलं तर ते माझ्या जिभेने मोडलं. दादाने हवं तेवढं बोलावं, मी ऐकून घेईन. पण फोन उचलून बोलावं.

आपली,
उल्का

ता. क. निरोप आलेला नाही हे खरं आहे. काल ते स्वतःच आले. नीरजा त्यांना पहिल्या भेटीपासून पसंत आहे. तेच सांगायला ते दादाला फोन करताहेत, आणि तो त्यांचाही उचलत नाही. कृपा करून उचलायला लावा.

आणखी एक ता. क. एवढ्यासाठी खराडीहून इथवर यायची गरज नव्हती, असं मी त्यांना म्हटलं. "त्यासाठी नव्हतीच," म्हणाले. वहिनी, त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. विचार करून सांगते म्हणाले, आणि ते जिना उतरायच्या आत माझा विचार करून झाला होता. दादाला तुम्हीच सांगा. पण त्याच्याआधी नीरजाला विचारा, आत्याच चुलतसासू झाली तर तिला चालेल का? ती नको म्हणाली तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण जरा असं विचारा, की ती नको म्हणणार नाही.