ताईच्या खोलीतलं शेवाळ

२ सप्टेंबर

— आणि तरीही शेवाळ परत आलंच! परवा टूथब्रशने एवढं घासलं, आज सकाळी प्रवाळावर पुन्हा लांब हिरवे केस. दुसरा शब्दच नाही, केसच. झोआ — म्हणजे दगडावर वाढणारी शर्टाच्या बटणाएवढी जिवंत फुलं — सगळी तोंड मिटून बसल्येत.

ताई पलंगावरून, "काय गो, मेली का माझी फुलं?"

"झोपल्येत," म्हटलं. खोटं.

तिला सातवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायची बंदी केल्ये, भावजी पुण्यात. फोन बघितला की रडते. म्हणून मी माझा खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँकच तिच्या खोलीत हलवला. दिवसभर त्याच्याकडेच बघत असते. त्यामुळे झोआ मरून चालणारच नाही. नाही म्हणजे नाही!

४ सप्टेंबर

आज ऑपरेशन! झोआंचा दगड बाहेर काढला, पातेल्यात टँकच्याच पाण्यात ठेवला आणि चिमट्याने एकेक केस उपटला. ताईने पडल्या पडल्या टॉर्च धरला. आई दारातून ओरडली, "ते आमटीचं पातेलं आहे माझं! परत ओट्यावर आणलंस तर बघ." आणि दोन मिनिटांनी स्वतःच जुनं मोठं पातेलं आणून दिलं. "ह्यात कर. हात पोचेल नीट."

थँक्यू, आई. तोंडावर म्हणायला लाज वाटते, म्हणून इथे.

५ सप्टेंबर

लाइटचे तास कमी केले. माशांचं खाणं निम्मं. ताई माशांना म्हणाली, "मी बिनमिठाची, तुम्ही बिनखाण्याचे. मज्जाच आहे आपली!"

९ सप्टेंबर

शेवाळ परत. रडले. बाथरूममध्ये, ताईला कळू नये म्हणून.

संध्याकाळी सलिलदादा आला. ताईच्या शाळेतला, आता फिशरीजमध्ये पीएचडी करतोय. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी घेऊन आला, डब्यात, ओल्या फडक्यात! ताई म्हणाली, "डोहाळजेवणाला लोक पेढे आणतात रे." तो लाजला बिचारा. मग मला, "टँकमधलं पाणी उडून कमी होतं ना? भर कशाची घालतेस?"

"विहिरीची. बाबा म्हणतात, असं पाणी अख्ख्या तालुक्यात नाही."

"बाबांना राहू दे. टेस्ट केलंस का?"

नव्हतं केलं. मी!! नेटवर एवढं वाचणारी! त्याने नायट्रेटचं — म्हणजे खतातून पाण्यात उतरणारं, शेवाळ पोसणारं जे असतं त्याचं — टेस्ट किट ठेवून दिलंय. पैसे घेईना.

१० सप्टेंबर

विहिरीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं. लालभडक!! म्हणजे नायट्रेट भरपूर.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "जुलैत वरच्या कलमांना खत घातलं. ह्या वर्षी जरा हात सैल सोडला." आणि आमचा जांभा दगड म्हणजे चाळण. पाऊस पडला की वरचं सगळं थेट विहिरीत. म्हणजे एकीकडे मी शेवाळ उपटत होते आणि दुसरीकडे बादलीने त्याला जेवायला वाढत होते!

सलिलदादाला मेसेज केला. लगेच उत्तर — "सापडलं! आता टँकला फक्त आरओचं पाणी." बाबा स्वतः स्कूटरवरून जार घेऊन आले. जार उतरवताना फक्त म्हणाले, "तुझ्या माशांचे लाड!"

१६ सप्टेंबर

केस विरळ होतायत. गोगलगायी रात्रंदिवस चरतायत, शहाण्या.

२१ सप्टेंबर

उघडली!!! सगळी नाही, पण मधली तर पूर्ण, केशरी-हिरवी. ताईने हाक मारली तेव्हा मला वाटलं तिलाच काही झालं. धावत गेले तर ही हसतेय. माझा हात धरून बसली. म्हणाली, "तू नसतीस तर वेडी झाले असते गो."

मी काय केलं? पातेलं आईचं, गोगलगायी दादाच्या, जार बाबांनी वाहून आणला. किती माणसं लागली एका दगडाला! आज सगळ्यांवर खूप प्रेम येतंय.

२२ सप्टेंबर

किटमध्ये थोडं औषध उरलं होतं. ताईच्या उशाशी तांब्या होता. आई रोज विहिरीचं पाणी वीस मिनिटं उकळून, गाळून तिला देते. गंमत म्हणून तेच नळीत घेतलं.

लाल. विहिरीपेक्षाही गडद.

नेटवर वाचलं — उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. बाळासाठी वाईट. तांब्या मी हळूच ओतून दिला, जारचं पाणी भरून ठेवलं. डॉक्टरांना फोन तर करणारच, आत्ताच. पण आईला हे कसं सांगू? तुला काय वाटतं, डायरी?