ह्यांच्या ताटातलं उरलेलं

महाल, नागपूर
२० जानेवारी १९८५

प्रिय प्रेमिला,

संक्रांत झाली, तिळाचे लाडू अजून डब्यात आहेत आणि तुझं पत्र दिवाळीपासून उत्तराची वाट बघत पडलंय. ऑपरेशननंतर भावजी कसे आहेत, असं विचारलं होतंस. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आधी पूर्ण वाच, मग हवं तर रागाव.

आमचे हे पूर्वी कसे होते, तू पाहिलंच आहेस. कोराडीला पॉवर स्टेशनवर जाताना बसमध्ये दोघांची जागा लागायची, आणि रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. विलायतेहून शिकून आलेल्या एका सर्जनने सांगितलं, की पोटाच्या पिशवीचा वरचा थोडा भाग टाके घालून वेगळा करायचा, म्हणजे वाटीभर अन्नातच पोट भरेल. त्याआधी वजन करायचं, तर दवाखान्याचा काटा पुरेना. शेवटी ओळखीच्या सूतवाल्याकडे गाठी तोलायच्या काट्यावर ह्यांना उभं केलं. आमचं घराणं पिढीजात विणकरांचं, पण त्या काट्यावर सुताऐवजी घरातलं माणूस चढेल असं कोणाला वाटलं असेल! सगळ्यांत जास्त हेच हसले. मी मात्र घरी येऊन रडले, कारण एवढ्या वजनाचा माणूस भुलीतून उठेलच, असं सर्जनलाही छातीठोक सांगता येत नव्हतं.

उठले. गेल्या चैत्रातली गोष्ट. आता सकाळी गांधीसागर तलावाला चक्कर मारून येतात, नव्या पँटी शिवल्यात, मांडी घालून जेवायला बसतात. मला मनापासून आनंद आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुझा गैरसमज व्हायला नको.

आमच्याकडे बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, हे तुला माहीत आहे. पूर्वी हे ताट चाटूनपुसून ठेवायचे. मग मी त्यात भांड्याच्या तळाचं काय असेल ते वाढून घ्यायची, सोबत एखादी पोळी. काडीसारखी राहिले ती त्यामुळेच. ऑपरेशननंतर सर्जनने वाटी सांगितली, म्हणून मी वाटीच वाढली. तर सासूबाई उठून आल्या. "अवं, कमावत्या माणसाले वाटी वाढतेत का? पुरं ताट वाढ त्याले. राहिलं तं तू हायेसच." झालं! तेव्हापासून ताट पूर्वीसारखंच भरून जातं आणि चार घासांनंतर जवळजवळ भरलेलंच माझ्यापुढे येतं. अन्न टाकायचं नाही. एकदा गाईला घालायला निघाले, तर म्हणाल्या, "उष्टं देतेस गाईले?" गाईला चालत नाही ते सुनेला चालतं. मी परत आले आणि जेवले.

ह्यांना तरी कुठल्या तोंडाने दोष देऊ? इतक्या वर्षांत ताटात भाताचं शीत न ठेवणारा माणूस आता मटणाची चांगली फोड बाजूला सारतो आणि म्हणतो, "हे तुह्यासाठी ठेवलं." प्रेमाने म्हणतात गं. लग्नानंतर मी जेवते की नाही हे पहिल्यांदाच कोणीतरी बघतंय, त्यामुळे नको म्हणवत नाही. पोट भरलेलं असलं तरी खाते. हे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात, जणू स्वतःच जेवताहेत. कधी कधी त्याचा फार राग येतो. शेजारच्या यमुताई म्हणाल्या, "सुख मानवलं वं तुले!" ब्लाउजांच्या शिवणी उसवून उसवून आता उसवायला काही उरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात ह्यांच्या तपासणीला सोबत गेले होते. सर्जन ह्यांना बघून खूश झाला, मग माझ्याकडे बघून त्याने माझं रक्त तपासायला सांगितलं. साखर निघाली, ब्लडप्रेशरही. परतताना रिक्षात हे मजेत होते. "घाबरून काहून राहिली? तुह्यीबी थैली शिवून टाकू. माह्याकडे पाह्य ना, कसा झालो!" घरी सासूबाईंनी लगेच देवीला नवस बोलून टाकला. होळी झाली की मला भरती करायचं ठरतंय. मला कोणी विचारलेलं नाही.

प्रेमिला, ह्यांना त्या ऑपरेशनची गरज होती. मला भीती वाटते, की माझं पोट विनाकारण कापलं जाईल. मला भूक किती लागते हे मला ठाऊकच नाही गं. लग्न झाल्यापासून जे उरलं ते खाल्लं. कमी उरलं तेव्हा कमी, जास्त उरलं तेव्हा जास्त. होळीपर्यंत मला तुझ्याकडे ठेवून घेशील? तू आजारी आहेस, सोबतीला मला पाठवावं, असं पत्र ह्यांना टाक. खोट्याचं पाप माझ्या माथी. मी आले की आग्रह करू नकोस, वाढूही नकोस. फक्त एक रिकामं ताट दे. त्यात मी स्वतः किती वाढून घेते, ते मला बघायचं आहे.

तुझ्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
गोपिका