पाच चांदण्यांची फीमाफी

४ जून
हे बघ, तू मला शहाणपणा शिकवू नकोस. तू वही आहेस, वहीसारखी राहा. तुझी निम्मी पानं मागच्या वर्षी पहाटे उठण्याच्या संकल्पांनी खाल्ली, माहीत आहे मला. ते दिवस गेले. मी डायरेक्टर झालोय.

डायरेक्टर, अॅडमिशन्स अँड फायनान्शियल एड. कार्डंसुद्धा छापली. स्वतःच्या पैशांनी, पण तो मुद्दा नाही.

कॉलेज लहान आहे. लहान म्हणजे निवडक. गाद्यांच्या दुकानावरचे दोन मजले. कॅम्पस खाली पार्किंगमध्ये. लायब्ररी कपाटात, आणि कपाटाची किल्ली अकाउंट्सच्या बाईंकडे. बाईंना सगळे कात्रीबाई म्हणतात, कारण त्या पगार कापतात. मी अजून पगार पाहिलेलाच नाही, त्यामुळे माझ्या मनात त्यांच्याविषयी आकस नाही.

घरी जाहीर केलं, धाकटीची अॅडमिशन आपल्याच कॉलेजात. स्टाफ कोटा. फुकट. आईने कपाळावरून पदर फिरवला आणि विचारलं, नक्की ना रे? नाहीतर मी दातांच्या डॉक्टरांना शब्द दिलाय, एक जुलैपासून आमच्याकडून कुणीतरी रिसेप्शनला बसेल म्हणून. मी म्हटलं, आई, डायरेक्टरची बहीण काय दाढा मोजत बसणार?

धाकटी म्हणाली, दादा, मला फिजिक्स शिकायचंय. तुमच्याकडे फिजिक्स आहे का?

विचारतो म्हटलं.

५ जून
फिजिक्स नाही. बिझनेस आहे आणि बिझनेस ऑनर्स आहे. फरक फीमध्ये आहे.

चेअरमनकडे स्टाफ कोट्याचा विषय काढला. म्हणाले, बघू. एवढा मोठा माणूस, ‘नाही’ म्हणायला त्याला कोण अडवणार होतं? तरी ‘बघू’ म्हणाले. म्हणजे झालंच.

घरी सांगितलं, झालंच. धाकटी म्हणाली, चेअरमन नेमकं काय म्हणाले? या मुलीला मोठ्यांच्या भाषेतले बारकावे कळत नाहीत.

९ जून
चेअरमननी फायनान्शियल एड समजावून दिली. विलक्षण सोपी आहे. आधी फी वाढवायची. मग जेवढी वाढवली तेवढी माफ करायची. आईबापांच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्या खिशातून काहीच जात नाही. मी विचारलं, मग ज्याला माफ नाही केली त्याचं? चेअरमन म्हणाले, तो श्रीमंत. मी म्हटलं, आणि नसला तर? म्हणाले, होईल, शिकून.

शिवाय लिफ्ट मेंटेनन्स फी आहे. लिफ्ट नाही. कात्रीबाई म्हणाल्या, म्हणूनच मेंटेन करायला सोपी जाते.

संकल्प : महिनाअखेर सगळ्या सीट्स फुल. मग चेअरमन ‘बघू’वरून ‘बघितलं’वर येतील.

१२ जून
धाकटी नदीपलीकडच्या कॉलेजातही अर्ज करते आहे. तिथे फिजिक्स आहे, खरीखुरी लॅब आहे, फी भयंकर आहे, पण गरजूंना माफीही आहे. उत्पन्न मर्यादेत असलं तर. म्हणाली, दादा, तुझा पगाराचा दाखला दे. उगाच आपला बाजूला असू दे.

कॉलेजच्या लेटरहेडवर मीच टाइप केला. घरात कमावता मी एकटा, तेव्हा आकडा शोभला पाहिजे. खरा आकडा लिहायला गेलो तर बोट धजेना. त्यात इन्सेंटिव्ह घातला, जो सीट्स भरल्यावर मिळेल. पुढच्या वर्षीची वाढ घातली. गाडीभत्ता घातला, कारण डायरेक्टर चालत येतो हे बाहेर कळायला नको. शेवटी बेरीज पाहिली आणि मलाच माझ्याविषयी आदर वाटला.

धाकटीने दोनदा वाचला. म्हणाली, दादा, हे खरं आहे? मी म्हटलं, होणारच आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण अर्जाची वेळ संपत होती. पळाली.

१७ जून
अॅडमिशन्स : चार. त्यातला एक जण गादी घ्यायला आलेला, चुकून वर चढला. फॉर्म भरून मगच खाली गेला. याला म्हणतात काउन्सेलिंग.

आयडिया सुचली. बोर्ड! रस्त्यावरून दिसेल असा. मोठ्या अक्षरांत ‘फीमाफी’. त्यावर छोटी चांदणी, जाहिरातीत अटींची खूण असते तशी. खाली अगदी बारीक, ‘अटी लागू’. कायदेशीर आणि भावनिक, दोन्ही.

२० जून
पेंटर दोन दिवस शिडीवर. हात सुरेख आहे बुवाचा. आज बोर्ड पूर्ण झाला. ‘फीमाफी’ असं लिहिलंय की दोन चौक पलीकडून वाचावं. फक्त ‘अटी लागू’ नाही. विचारलं तर म्हणाला, साहेब, तिथे पाण्याचा पाइप आला. पाइपावर काय लिहू? मग ती जागा रिकामी दिसायला लागली, म्हणून चांदणी मोठी केली. एकटी बरी दिसेना, म्हणून आणखी चार काढल्या. पिवळ्या. हॉटेलाला असतात ना, तशा.

फीमाफी, पाच चांदण्या.

खरं सांगू? मला आवडलं. अटी कुणी वाचतं का?

२३ जून, सकाळ
नदीपलीकडच्या कॉलेजने धाकटीला सीट दिली. माफी नाकारली. कारण लिहिलंय, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या बरंच वर.

बरंच वर! परक्या लोकांनाही कळलं. मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, आनंद कशाचा झालाय तुला? धाकटी खिडकीत जाऊन उभी राहिली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर भिंत आहे.

तिला म्हटलं, अगं, आपलं कॉलेज आहे की. ती म्हणाली, बिझनेस की बिझनेस ऑनर्स? टोमणा होता बहुतेक.

फेरविचाराचा अर्ज करता येतो म्हणे, तीस तारखेपर्यंत. खऱ्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. ‘खऱ्या’वर तिने जरा जास्तच जोर दिला.

२३ जून, दुपार
गर्दी!! जिन्यापासून गाद्यांच्या दुकानापर्यंत रांग. मुलं, आयाबाबा, एक आजोबा नातवासाठी खुर्ची घेऊन. दुकानदार म्हणाला, माझ्या गाद्यांवर बसू देऊ नका लोकांना. मी म्हटलं, बसू द्या, सवय लागेल, विकल्या जातील.

आज मी यशस्वी माणूस आहे. हे इथे नोंदवून ठेवतो.

२४ जून
कोणीही फी भरायला तयार नाही. म्हणतात, वर लिहिलंय. मी चांदण्यांचा अर्थ समजावला. एक बाई म्हणाल्या, मग तो अर्थ लिहायचा होता ना, चांदण्या कशाला काढल्या? मी पाइप दाखवला. लोक पाइपाकडे बघत राहिले.

चेअरमन मागच्या जिन्याने आले. सगळं ऐकलं. बोर्डाच्या रंगाचं बिल किती हेच आधी विचारलं. मग मला म्हणाले, लिहिलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही. कात्रीबाई आपल्या टेबलावरूनच म्हणाल्या, अहो डायरेक्टर, बोर्डावर माफी लिहिलीय, आता ती द्या, नाहीतर मागा.

आजोबांच्या खुर्चीवर उभा राहून मागितली. जरा मोघम मागितली. मागून कुणीतरी ओरडलं, ऐकू येत नाही, मोठ्याने! पुन्हा मागितली. खुर्ची आजोबांनी लगेच परत घेतली.

मग स्टाफ कोट्याचा विषय काढला. वेळ चुकली असावी. चेअरमन म्हणाले, कोणता कोटा?

२५ जून
पत्र मिळालं. ‘आपल्या सेवेची संस्थेस आवश्यकता उरलेली नाही.’ उरलेली नाही, म्हणजे होती. भाषा नीट वाचली पाहिजे.

घरी सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

२७ जून
रोज वेळेवर निघतो. बॅग, डबा, कार्डं. बागेतल्या बाकावर बसतो. बागेत एकाला कार्ड दिलं. त्याने त्याच्यावर शेंगांची टरफलं ठेवली.

संध्याकाळी आईने विचारलं, सीट्स भरल्या का रे? म्हटलं, आजच्या दिवसाला एक बाक पूर्ण भरला. खोटं नव्हतं.

२८ जून
बाग कॉलेजच्या वाटेवरच, तिथून परतताना धाकटी आत आली. सरळ माझ्या बाकावर येऊन बसली. खऱ्या पगाराचा दाखला मागायला ती कॉलेजात गेली होती. कात्रीबाईंनी सगळं सांगितलं आणि शिक्का मारून लिहून दिलं, ‘प्रत्यक्ष अदा केलेले वेतन : निरंक’. त्याखाली सही. शिक्का मात्र सुरेख उमटलाय.

मला वाटलं आता भांडेल. मी तयारी केली होती, माझे मुद्दे होते. ती म्हणाली, दादा, डब्यात काय आहे? मग आम्ही डबा खाल्ला. खाता खाता म्हणाली, काढल्याचं पत्र कुठंय? दे इकडे.

म्हटलं, खाजगी आहे. ती म्हणाली, दादा. एवढंच. दिलं.

३० जून
नदीपलीकडच्या कॉलेजात गेलो. एडच्या टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ. बोर्ड नाही, कार्ड नाही, डायरेक्टर नाही, नुसते बसलेले. त्यांनी समोर दोन कागद ठेवले. माझा दाखला आणि माझं पत्र. म्हणाले, यातलं खरं कोणतं?

बोलण्यासारखं खूप होतं. इन्सेंटिव्ह, गाडीभत्ता, पाइप. धाकटी शेजारी उभी. माझ्याकडे बघत नव्हती. नखाने टेबलाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा काढत होती.

मी पत्रावर बोट ठेवलं.

ते म्हणाले, म्हणजे घरात कमावतं कोण? मी म्हटलं, सध्या कोणी नाही. ‘सध्या’ त्यांनी लिहून घेतलं नाही.

पूर्ण फीमाफी. शिक्का तिथेच मारला. मी कागद उलटसुलट करून पाहिला. चांदणी कुठेच नव्हती.

१ जुलै
तू म्हणशील, शेवटी काय झालं? शब्द दिला होता धाकटीला, फुकट सीट. मिळाली की नाही? माझी नोकरी गेली नसती तर मिळाली असती का? कोणी मान्य करत नाही, पण अॅडमिशन मीच करून दिली. माझ्या कारकिर्दीतली एकमेव, आणि तीही शंभर टक्के एडसकट.

आईने डॉक्टरांना दिलेला शब्द होताच. आमच्याकडून कुणीतरी बसेल, म्हणून. तर मी बसलोय. पगार मर्यादेत येतो, आधी विचारून घेतलं. आमच्या घरात पहिल्यांदाच एखादा आकडा लहान आहे म्हणून साखर वाटली गेली. जुनी कार्डं वाया जायची नाहीत, पाठीमागे अपॉइंटमेंटच्या वेळा लिहून देतो. डॉक्टर विचारत होते, हे डायरेक्टर कोण? म्हटलं, आमच्याकडचे एक.

आणि आता तू तोंड उघडू नकोस. समोर एक पेशंट आधीच उघडून बसलाय. आत नेतो त्याला. निघालो.