बोर्डावरचा चौदा एप्रिल

पलसाणा, सुरत
४ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
रघुनाथचा सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर तू अर्धं ऐकूनच रडायला लागतेस, म्हणून लिहितो. ताई, झालं! आमच्या मिलच्या रजेच्या बोर्डावर दिवाळी-होळीच्या रांगेत चौदा एप्रिल चढला. पुढं खडूनं गुजरातीत ‘आंबेडकर जयंती’. इतकी वर्षं मागत होतो, शेठ म्हणायचे, जोईशुं, म्हणजे बघू. यंदा एका शब्दात हो म्हणाले. आपला शुभम माझ्याच रंगखात्यात लागलाय ना, त्यालाही बापाचं कौतुक वाटलं असावं.
लोभ आहेच, तो वाढव.
तुझा रघुनाथ

हिंगोली
१० जानेवारी

चि. रघुनाथास अनेक आशीर्वाद.
पत्र शेजारच्या मंगलाबाईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचा भाऊ पुढारी झाला. मी म्हटलं, कसला पुढारी, शाळेत असल्यापासून सुट्टीसाठीच झटतोय तो! पण राग मानू नकोस, शेठनं यंदाच कसं फुकट दिलं? व्यापारी माणूस उगा मेहेरबान होत नाही. नीट बघून घे.
जिवाला जप.
तुझी ताई

पलसाणा
२१ जानेवारी

ती. ताईस जय भीम.
तुझंच खरं निघालं. शेठनं एक रजा चढवली ती दुसरी काढून. वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवत होतं आणि आम्ही मशीनवर. विचारायला गेलेल्यांना शेठ म्हणाले, रघुनाथभाईंना विचारा, त्यांच्याच साहेबांसाठी काढली. मग काय! मला शिव्या दिल्या, त्या सोसल्या. पण माणसं बाबासाहेबांनाच बोलायला लागली, घाण बोलली. जेवताना शुभम म्हणाला की तुमच्या बाबासाहेबांनी आमचा पतंग कापला. ‘तुमच्या’ म्हणाला गं!
दुसऱ्या दिवशी शेठना सांगून आलो, चौदा एप्रिल काढून टाका, पुढच्या वर्षी वासी परत द्या. त्यांनी लगेच उठून रुमालानं पुसलं. यंदा दोन्ही रजा गेल्या. माझ्यापायी त्या नावाला शिव्या नकोत, एवढंच वाटलं. बरं केलं ना? लिही.
रघुनाथ

हिंगोली
२८ जानेवारी

चि. रघुनाथास आशीर्वाद.
बरं केलंस असंच लिहायला बसले होते, पण हात धजत नाही. अरे, शिव्या त्यांना काय नव्या होत्या? जन्मभर खाल्ल्या, म्हणून मी आज हे पत्र लिहितेय. चार शब्द शुभमला सांगायचे होते, ते सोडून तू शेठकडे गेलास. आता पुढं कुणी ही रजा मागितली, तर शेठला नाही म्हणायचीही गरज नाही. तो तुझंच नाव सांगेल.
लोभ तुटत नाही रे, पण आज याहून जास्त लिहवत नाही.
तुझी ताई